नळावरचं प्लास्टिक आणि माझी मालमत्ता

ज्या दुपारी अक्षताने मणिपूरहून पाठवलेल्या फोटोत आमच्या फिल्टरांच्या नळावरचं प्लास्टिक तसंच दिसलं, त्या दुपारपासून माझा कोणावर विश्वास राहिलेला नाही. तरीही मी, प्रज्ञेश आनंद गजभिये, वय २२, इंजिनिअरिंग अर्धवट सोडलेला, राहणार खडकी, पुणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. शुद्धीत असल्याचं आईला मान्य नाही. तिची हरकत इथे नोंदवली आहे.

कारण असे. तिथल्या खोऱ्यातल्या आणि डोंगरावरच्या समाजांमधल्या हिंसाचारात घरं जळालेली माणसं अजून छावण्यांत राहतात. गढूळ पाण्याने पोरं आजारी पडतात, असं अक्षताने कळवलं. ती तिकडे एका मदतसंस्थेत काम करते. माझं तिच्यावर प्रेम आहे. तिचं उत्तर प्रलंबित आहे. म्हणून मी खडकीभर रद्दी गोळा केली, विकली आणि पाण्याचे फिल्टर पाठवले.

फोटोत फिल्टर आहेत, रांगेत बायका आहेत, मागे संस्थेचा फलक आहे. पण नळावर पॅकिंगचं प्लास्टिक आहे, म्हणजे पाणी कोणी प्यालेलं नाही. संस्थेचे पुण्यातले आमोद सर म्हणाले, "अहो, अहवालाला फोटो लागतो. तहान भागल्याचा फोटो कसा काढायचा, आपणच सांगा."

अक्षताला फोन केला. ती म्हणाली, "खोऱ्यातला ड्रायव्हर डोंगरावर जात नाही, डोंगरावरचा खाली येत नाही. दोन्हीकडे चालतो असा आमच्याकडे एकच आहे. त्यानेच फिल्टर डोंगरावरच्या छावणीत नेले, फोटोही त्यानेच काढला. संस्था मला वर जाऊ देत नाही. तुला एवढा संशय आहे ना, मग ये आणि बघ."

तिच्या स्वतःच्या प्रत्येक फोटोत हाच ड्रायव्हर शेजारी असतो, हेही नोंदवून ठेवतो. मी त्याच्याच गाडीतून वर जाणार आहे. परत आलो नाही तर:

१. बाईक धाकट्या बहिणीला, स्वरालीला. बाबांनी हात लावू नये. ते काल म्हणाले, "मी दारूगोळा कारखान्यात जन्म काढला, ओरखडा नाही. हा पाणी वाटायला जाऊन मरणार."

२. संस्थेचा टी-शर्ट आमोद सरांना, न धुता.

३. खात्यात उरेल त्यातून फिल्टर घ्यावेत. ते संस्थेमार्फत पाठवू नयेत.

४. माझा फोन, अक्षताच्या सगळ्या व्हॉइस मेसेजसह, अक्षताला. मात्र डोंगरावरचे फिल्टर चालू निघाले तरच. नाहीतर पुसून विकावा.

शेजारच्या हेमाताईंना आणि माझा मित्र योगेश याला साक्षीदार म्हणून बोलावलं. हेमाताईंनी चौथं कलम दोनदा वाचलं. "पाणी आलं तर प्रेम, नाही आलं तर नाही. मृत्युपत्र आहे की महापालिकेचं वेळापत्रक?"

"ताई, ती खोटं बोलली असेल तर?"

"तिला वर जाऊ देत नाहीत, हे तिनेच सांगितलं ना तुला? खोटं बोलणारी म्हणाली असती, मी डोळ्यांनी पाहिलं."

मी कागद परत घेतला. सबब चौथ्या कलमातली अट रद्द. फोन अक्षताचा, नळाला पाणी असो वा नसो. ड्रायव्हरवरचा संशय कोणाच्या नावे करत नाही. तो मी बरोबर नेतो आहे.

साक्षीदार: हेमा गेनबा ढोरे (सही), योगेश बद्रीनाथ उईके (सही)
लिहून देणार: प्रज्ञेश आनंद गजभिये (सही)
खडकी, पुणे. दि. १४ नोव्हेंबर २०२५

ता. क. आई स्वयंपाकघरातून बाहेर येत नाही. हा कागद टीव्हीखाली ठेवून मी निघतो आणि दार ओढून घेतो.