आ कर, राणी

२ जून
आले एकदाची! भाचीच्या घरी मला स्वतंत्र खोली, खिडकीशी टेबल आणि लिहायला भरपूर उजेड मिळाला आहे. मोबदल्यात तिची चार वर्षांची लेक दिवसभर सांभाळायची. अंगकाठी पाहून सगळे तिला काडी म्हणतात. भाची प्रयोगशाळेत, जावई जहाजावर. भाचीने एकच अट घातली: मावशी, जेवताना आणि झोपताना हिच्या हाती टॅबलेट द्यायचा नाही. मी म्हटलं, अगं, वर्गच्या वर्गांकडून संस्कृतची शब्दरूपं घोकून घेतलीत मी. ही मूर्ती ती केवढी!

५ जून
मूर्ती दुर्जय आहे. एक घास या गालातून त्या गालात तासभर हिंडतो. माझं साप्ताहिक सदर आजच पाठवायचं होतं. शेवटी कपाटावरचा टॅबलेट काढला. पडद्यावर पिवळं बदक नाचू लागलं, मी म्हटलं, आ कर, राणी, आणि तोंड उघडलं. वाटी रिकामी! लेखही पुरा झाला. विषय: संयम. संध्याकाळी भाची म्हणाली, मावशी, तुझ्या हाताला जादू आहे बघ. मी मान खाली घालून भांडी विसळत राहिले.

१९ जून
किती भरवते ते मी पाहत नाही, काय खाते ते ती पाहत नाही. दोघींचं छान जमलंय. फ्रॉकची बटणं लागेनाशी झालीत. दुपारी झोपवतानाही आता टॅबलेटच, त्यामुळे ती झोप गेलीच. रात्रीही टक्क जागी असते, असं भाची सांगते. जागरणाने भाचीचेच डोळे खोल गेलेत, आणि तरी ती माझे आभार मानते. फार लाज वाटली. उद्यापासून बंद.

२४ जून
बंद केलं नाही.

२८ जून
डॉक्टरीणबाईंनी काडीला वजनकाट्यावर उभं केलं आणि आकडा दोनदा तपासला. मग म्हणाल्या, झोप मोडली की भूक भलतीच वाढते, आणि पडद्यात गुंतलेल्या मुलाला पोट भरल्याचं कळत नाही. घरी तसं काही चालतं का? भाची म्हणाली, छे, आमची मावशी असते ना घरी! मीही नाही म्हटलं. काडी माझ्याकडे बघत होती.

१ जुलै
टॅबलेट कपाटात कोंडून कुलूप घातलं. दुपारी पाहते तो काडी आपल्या छोट्या खुर्चीत, कोऱ्या भिंतीसमोर. तोंड उघडं. पापणी लवत नाही. देवांना अनिमिष म्हणतात, हे मी वर्गात किती कौतुकाने सांगायचे. तिच्या चेहऱ्यावर पिवळा उजेड हलत होता. भिंतीवर काहीच नव्हतं.

३ जुलै
बंद कपाटातून आवाज येतो. बदकाचा नाही. माझा. आ कर, राणी — काडी हसली. तिकडे न बघता —

४ जुलै
आज भाचीला सगळं सांगणार. टॅबलेट तिच्यापुढे ठेवायचा म्हणून कुलूप काढलं. बॅटरी केव्हाच संपलेली, तरी पडदा उजळला. त्यात हीच खोली. छोट्या खुर्चीत मी. शेजारी काडी, हातात चमचा —

मान वळत नाही. वहीकडे न बघताच लिहिते आहे. ओठांना काहीतरी गार — गिळलं — पुन्हा — पोट भरलं की नाही, कळत —

दारात किल्ली फिरली. भाची. सांगायचंय तिला, मीच गं, मीच दिला — पण तोंड मिटत ना