स्वयंपाकघराच्या दारापासून तीस पावलं

२ जून, गुरुवार

विहीर! इतकी वर्षं कशी विसरले मी?

रोझाली आज अंगणात चुन्याच्या रेघा मारत होती. गावच्या म्युझियमची सगळी सूत्रं तिच्याच हातात. इथे लोणी घुसळणं, इथे मेणबत्त्या ओतणं, इथे दोर वळणं, तिकडे गोणपाटात पाय घालून उड्या मारायची शर्यत. पहिल्या वसाहतवाल्यांची कामं मुलांनी स्वतः करून बघायची, आईबापांनीही. दरवर्षी होतो हा दिवस, पण यंदा, ११ तारखेच्या शनिवारी, पहिल्यांदाच आमच्या शेतावर. आमच्या म्हणजे आता म्युझियमच्या. माझा एड गेल्यावर मीच दान दिलं शेत नि घर.

ती रेघ मारताना बघितली आणि सासरे आठवले. लग्न होऊन आठवडाही झाला नव्हता. मी कपड्यांच्या तारेसाठी खांब रोवत होते. म्हणाले, "तिथं नको गं पोरी. स्वयंपाकघराच्या दारापासून तीस पावलांवर जुनी विहीर आहे. फळ्या टाकून माती लोटलीय वर."

त्यांच्या वडिलांनी हातानं खणलेली. ऐंशी फूट. फळ्या तेव्हाच जुन्या होत्या, आता तर माझ्याही लग्नाला शेहेचाळीस वर्षं झाली.

३ जून

जेवण गेलं नाही. डोळे मिटले की मुलं दिसतात.

७ जून, मंगळवार

सांगितलं एकदाचं! चार दिवस जीभ रेटत नव्हती. देणगीच्या कागदावर 'जुनी विहीर आहे का' असं विचारलं होतं आणि मी खुशाल 'नाही' लिहून सही केली होती. तेव्हा खरंच डोक्यात नव्हतं. पण कोण मानणार?

रोझाली पांढरीफटक पडली. मग उखडली. "आत्ता सांगतेस? सही करताना झोपली होतीस का? लिंकनहून शाळेच्या दोन बस यायच्यात, लिओना!" नंतर मऊ आवाजात म्हणाली, "विहिरीभोवती दोरी बांधू. शनिवार जाऊ दे, सोमवारी बुजवून घेऊ."

मी नको म्हणायला हवं होतं. दिवसच रद्द कर म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. सगळ्यांसमोर वेडी म्हातारी ठरायची भीती वाटली. कसली भित्री बाई मी!

८ जून

एकटीच गेले पहार घेऊन. दारातून तीस पावलं — पण माझी की सासऱ्यांची? सहा फुटी माणूस. ढांगा टाकत चालले, दोनदा तोल गेला. पहार ठोकत राहिले. एके ठिकाणी ठण्ण! दगड. विहिरीचं तोंडच असणार. तिथंच बसले आणि मग रांगत मागे आले.

दोरी चांगली ऐसपैस बांधली. गोणपाटाची शर्यत नेमकी तिच्यात येत होती. रोझालीला म्हटलं, ती उत्तरेला हलवू. जुनं खुराडं होतं ना, गेल्या वर्षी पाडलं, ती जागा. सपाट आहे, माती भुसभुशीत आहे, पडलं तरी पोरांना लागणार नाही.

"बघ, तुझंही डोकं चालतं कधीकधी," म्हणाली. चला, हसली तरी.

१० जून

वारा. दोरी दोनदा तपासून आले. तिसऱ्यांदा जायला निघाले तर आपलीच लाज वाटली. तरी गेले.

११ जून, शनिवार

झालं! सगळे घरी गेले. सगळे!

दिवसभर जुन्या काळचं टोपडं नि लांब झगा घालून दोरीपाशी उभी होते. दोर वळणं मी शिकवायचं होतं, ते दुसऱ्या कुणावर तरी ढकललं. एक चिमुरडी सारखी विचारायची, "आजी, आत काय आहे?" "साप," मी म्हटलं. "किती?" "नऊ." तिनं ते सगळ्या शाळेला सांगितलं. कुणाचे तरी वडील म्हणाले, "खजिना पुरलाय वाटतं बाईंनी!" मला हसूही फुटेना.

चौऱ्याहत्तर मुलं. बसमध्ये चढताना मी पण मोजली, रोझालीनं पण. मग पायरीवर बसून खसखस भरलेला गोड पाव, कोलाचे, खाल्ला आणि ढसाढसा रडले. किती दिवसांनी काही गोड लागलं!

१२ जून

चर्चला गेले. आभार मानले. दुपारी गाढ झोपले.

१३ जून, सोमवार

सकाळी मिलोभावजींना भेटायला वृद्धाश्रमात गेले. एडचा थोरला भाऊ, चौऱ्याऐंशीचे, पण डोकं अजून तल्लख. मोठ्या तोऱ्यात सांगितलं, विहीर शोधली म्हणून. स्वयंपाकघराच्या दारापासून तीस पावलं.

ते हसले. "कुठलं दार? हमरस्ता झाला तेव्हा अख्खं घर उचलून फिरवलं ना आम्ही! तू यायच्या आधी. आमचा म्हातारा कधी दार आत्ता कुठं आहे त्यावरून सांगायचा का? पूर्वी कुठं होतं त्यावरून सांगायचा. त्याचं दार उत्तरेला होतं. विहिरीवर तर आम्ही खुराडं ठेवलं होतं, कुणी पाय देऊ नये म्हणून."

तशीच शेतावर आले. शर्यतीच्या चुन्याच्या रेघा अजून आहेत. लांब उभी राहून पहार टोचली. मूठभर माती, मग काहीच नाही. पहार हातातून निसटली. खालून आवाज यायला फार वेळ लागला.

परवा तिथे चौऱ्याहत्तर मुलं उड्या मारत होती. जागा मी निवडली होती.