खंगणे : वाक्यात उपयोग

गुरुजी, तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली, तरी एका शब्दाचा अर्थ विचारायला तुमच्याशिवाय कोणी सापडत नाही. शब्द तुमचाच आहे. चुडाव्याच्या शाळेत, सातवीच्या फळ्यावर तुम्ही लिहिला होता, ‘खंगणे. अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.’ बाकीच्यांनी कुणी बैल खंगवला, कुणी म्हातारी. मी लिहिलं, ‘आमचे गुरुजी खंगत चालले आहेत.’ मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. त्याच सकाळी घड्याळाच्या पट्ट्याला कंपासच्या टोकानं नवं भोक पाडताना मी तुम्हाला पाहिलं होतं, आणि ते तिसरं भोक होतं.

तुम्ही वही घेऊन जवळ आलात. आता बसतेय कानाखाली, असंच वाटलं.

"कुणी सांगितलं रं तुला?"

"कुणी न्हाई गुरुजी. मीच बघायलोय."

"घरी बोलायलेत का?"

सगळं गाव बोलत होतं, पण तुम्ही पारावरून पुढं गेल्यावर. तोंडावर म्हणायचे, "तब्येत जरा उतरली की गुरुजी, उन्हानं असंल." तुम्ही लाल पेनानं बरोबरची खूण केलीत. "उपयोग बरोबर हाय. पण ध्यानात ठेव, खंगणारा माणूस स्वतः असं म्हणत न्हाई. थकलो म्हणंल, झोप लागंना म्हणंल. खंगला म्हणणारे कायम बघणारे असतात." मला तेव्हापासून संशय आहे. तो शब्द तुम्ही मुद्दाम दिलात ना? मोठे सांगेनात, म्हणून पोरांकडून काढून घेतलंत. दिवाळीच्या सुट्टीतच तुम्ही गेलात, विचारायचं राहिलं.

आता माझं ऐका. कॉलेज मी दुसऱ्या वर्षाला सोडलं, प्राचार्यांच्या टेबलावर ओळखपत्र आपटून. माझं जिच्याशी जुळलं होतं, तिला घरच्यांनी कॉलेजातून काढून गंगाखेडला मावशीकडे ठेवलं. मग मी तिथं बसून काय करू? मागच्या आठवड्यात तिचं पत्र आलं. ‘तुमच्यावाचून मी खंगत चालले आहे.’ आनंद व्हायला पाहिजे होता. तो राहिला बाजूला, मी फौजदारासारखा अक्षर तपासत बसलो. तुमच्या म्हणण्यानं तर ही ओळ खोटी ठरते. शब्द तिचा की मावशीच्या पोरीनं सुचवला? दोघी हसत होत्या का लिहिताना? आई तर म्हणतेय मीच खंगायलोय, रोज हळदीचं दूध पुढं करते. तिचाही मला संशय येतो, लग्नाचं काढायचं असंल.

परवा एसटी धरून गंगाखेड गाठलं. पानाच्या ठेल्याआड उभा राहिलो. ती नळावर आली. भरलेली घागर एका झटक्यात कमरेवर. अंगानं उलट भरलेली.

शेजारीण म्हणाली, "लय बाळसं धरलंस गं! लगीन ठरलं का?"

"मावशी ताट रिकामं होऊ देत न्हाई, काय करू!" म्हणून ती हसली.

माझं डोकं फिरलं. पत्र तिच्यासमोर फाडायचं म्हणून खिशात हात घातला, आणि पाऊल उचलेना. पुढच्या गाडीनं परत आलो. तिला उत्तर लिहिलेलं नाही.

हे तुम्हाला पोचणार नाही, म्हणून सांगतो. जाताना एसटीत मी सारखा तिचे खोल गेलेले डोळे, सुटलेल्या बांगड्या डोळ्यांपुढं आणत होतो, आणि मला बरं वाटत होतं. ती धडधाकट दिसली, गुरुजी, आणि मला वाईट वाटलं.