बॉयलरमध्ये काय जळतं

कसबा बावडा

प्रिय राजवर्धन,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस. ‘घरी येऊन बोलतो’ म्हणतोस आणि येत नाहीस. म्हणून लिहायला बसले. इथं तुला माझं बोलणं मध्येच तोडता तरी येणार नाही.

आई बरी आहे. आपलं लग्न रजिस्टर असलं तरी मी आमच्या बौद्ध रिवाजाची पांढरी साडीच नेसायची, हे तिनं ठरवून टाकलंय, आणि तुमच्याकडचे हिरवी आणतील का, यावरून रोज माझं डोकं खाते.

कॉलेजात मी एकदा म्हणाले होते, चिपाड जाळा नाहीतर कोळसा, धूर तो धूरच. तू कॅन्टीनमध्ये चहा गार होईपर्यंत मला समजावत बसलास. ऊस वाढताना हवेतून कार्बन डायऑक्साइड घेतो, चिपाड जळलं की तोच परत जातो आणि पुढचा ऊस तो पुन्हा ओढून घेतो. कोळशातला कार्बन मात्र कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेला. तो जाळला की हवेत नवीच भर. तेवढ्याच उष्णतेसाठी कोळसा गॅसच्या जवळजवळ पावणेदोनपट सोडतो, हेही तुझंच. त्या दिवशी मला हा विषय आवडला, आणि तूही. म्हणूनच इचलकरंजीला तुमच्या कापड रंगवायच्या कारखान्यात मी इंधनाचा आणि धुराचा हिशेब ठेवायचं काम घेतलं.

दिवाळीपासून तिथं चिपाडाच्या विटा येणं बंद आहे. बॉयलरमध्ये कोळसा जातोय, आणि परदेशी ग्राहकाला द्यायच्या अहवालात मात्र वर्षभर चिपाडच. खाली माझं नाव. मी सही करत नाही म्हटल्यावर तुझ्या वडिलांनी केबिनमध्ये बोलावलं. तू तिथंच उभा होतास. आबा हसून म्हणाले, “पोरी, एकदा चिमणीतनं वर गेला की कुणाला कळतंय कशाचा धूर हाय त्यो?”

“मला कळतंय की, आबा,” मी म्हणाले.

तू खिडकीबाहेर बघत राहिलास. नंतर गाडीपाशी येऊन हळूच म्हणालास, “करून टाक की सही. लग्नानंतर हे सगळं आपलंच हाय.” आबांचा मला राग आला नाही, राजवर्धन. तुझा आला. आपलंच असेल तर खोटं कुणासाठी लिहायचं? बॉयलर चिपाडावर परत आणायला काय लागेल ते मांडून दाखवते, म्हणाले होते. ते तुम्ही ऐकूनही घेतलं नाहीत.

आईला सगळं सांगितलं. ती भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, “लगीन मोडलं तर मोडू दे. खाली मान घालून त्या घरात जायचं न्हाय.” मग आत जाऊन बराच वेळ बाहेर आली नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. कोळशाचा खरा अहवाल मी आज दुपारी ग्राहकाला पाठवून दिला. तुला अडवता येऊ नये म्हणून आधी सांगितलं नाही, आणि दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून हे पत्र. सोमवारी त्यांचा तपासणीस येतोय. आबा मला गेटवर अडवतील. तरीही मी येणार, आणि त्याला मागच्या शेडमधला कोळसा दाखवणार. तू गेटच्या आत उभा असशील की माझ्या शेजारी, ते मला फोनवर सांगू नकोस. मी तिथंच बघेन.

तुझीच,
प्रियदर्शनी