डाव्या हाताला धरून

गुरुवार, संध्याकाळ

आज लिहायला उशीर झाला, माफी असावी. कोणाची मागतोय, कोण जाणे. मन थाऱ्यावर नाही.

वैशालीने अमेरिकेतल्या डोंगरातून व्हिडिओ पाठवला. पाऊस, रस्त्यावर पडणारे धबधबे, खाली तळं. गाडी जावई चालवत होते. म्हणाली, "बाबा, ही दरी बर्फाने कोरलीये. उतरताना गाडी मी घेणार."

बर्फ दगड कसा कोरेल? ते राहू दे. मला दरीच दिसली. लगेच बोलून मेसेज पाठवला, "धुकं आलं तर डाव्या हाताला धरून चालव, पोरी." कळंबोलीकडे ट्रक घेऊन घाट उतरायचो तेव्हा मी हेच करायचो.

ही चहा घेऊन आली. "अहो, तिकडे गाड्या उजवीकडून चालतात. तुमचा ट्रक तिथे कुठे घुसवताय?"

म्हणजे डावीकडून समोरच्या गाड्या येणार! व्हिडिओ परत पाहिला. जावई डावीकडे बसलेत, गाडी उजवीकडे, दरी... माझंच डोकं उलटसुलट.

"ती काय कुक्कुलं बाळ आहे?" ही म्हणते. नाही. पण नेऱ्याच्या रस्त्यावर गाडी मीच शिकवली तिला. माझा आवाज आला की ती आधी स्टिअरिंग वळवते, मग विचार करते.

घाईने दुसरा मेसेज केला, "उजवीकडे." मग वाटलं, दोन्ही एकदम ऐकले तर? म्हणून तिसरा, "माझं काही ऐकू नकोस."

तिन्हींवर एकेकच टिक, म्हणजे पोचलेच नाहीत. तिथे रेंज नाही म्हणे. कोणता आधी पोचेल?

वैशाली, खाली उतरलीस की रागाव हवं तर, पण लगेच कळव गं.