एकाच तारखेला जन्मलेली माणसं

१ मे

ठराव माझ्या अक्षरात! झेंडावंदनानंतर ग्रामसभा झाली. परराज्यातून गावात राहायला आलेल्यांचे कागद तपासायचे, शंका येईल तिथे शेरा मारायचा आणि यादी पोलिसांना द्यायची, असं ठरलं. घुसखोर सापडलेच पाहिजेत, म्हणाले सगळे. सरपंच रामहरीनाना सर्वांदेखत म्हणाले, "तपासायचं काम बन्सीच्या पंकजाचं. पंचायतीत काम्पुटरवर बसती, ग्रॅज्युएट हाय." अण्णा मागच्या रांगेत टोपी सारखी करत बसले होते. सभेत त्यांचं नाव कुणी घेतलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

देशासाठी काही करावं, असं कॉलेजात फार वाटायचं. हे काम लहान आहे. पण प्रामाणिकपणे करायचं.

४ मे

वीटभट्टीवरचे बिहारी, राजस्थानचा मिठाईवाला — सगळ्यांचं ठीक. मग रेजाउल आला. फरशी बसवतो, बंगालमधल्या मुर्शिदाबादचा. सहा वर्षं गावात आहे. आमच्या स्वयंपाकघराची फरशी त्याच्याच हातची. त्याची बायको शेफाली माझ्या आईबरोबर वखारीत कांदा निवडायला असते.

रेजाउल, शेफाली, त्याचा भाऊ, म्हातारी आई. चौघांचीही जन्मतारीख १ जानेवारी! फक्त सालं वेगळी. एका घरातली चार माणसं एकाच दिवशी कशी जन्मतील? शेफालीला विचारलं. हसली. "दीदी, आमच्याकडं तारीख कोण ध्यानात ठेवतो? मास्टर लिहील ती तारीख."

मला ते हसणं आवडलं नाही. एवढ्या गंभीर गोष्टीवर! ठरावाच्या वहीत लाल पेनाने शेरा लिहिला — चौघांची जन्मतारीख एकच. कागदपत्रे संशयास्पद.

५ मे

नाना येईल त्याला वही दाखवत होते. "शिकल्याली पोरगी ती शिकल्यालीच! आपल्याला सा वर्सात दिसलं हुतं का?"

९ मे

पोलीस दोघा भावांना चौकशीला घेऊन गेले. घरमालक गहिनीनाथने शेफालीला खोली सोडायला सांगितलं. आठ-पंधरा दिवसांत.

आई वखारीतून आली. भाकरी थापताना म्हणाली, "मला टायफाईड झाला तवा माझ्या वाटणीचा कांदा बी तिनंच निवडला. मला इचारायचं तरी."

"आई, हे ओळखी बघून करायचं काम नाही."

"मग काय बघून करायचं हाय?"

उत्तर होतं माझ्याकडे. पण तिने तव्याकडे तोंड केलं होतं.

१६ मे

दोघे परत आले. पोलिसांनी त्यांच्या गावी चौकशी केली, शाळेतही. कागद खरे निघाले. म्हणजे माझ्यामुळे एकदाची शहानिशा झाली — असं मनाला समजावलं.

पण खोली काही मिळत नाही. गहिनीनाथ म्हणतो, "पोलीस सोडतील वो. पन वहीत शेरा हाय ना! उद्या काय झालं तर मला धरतील." बाकीचे घरमालकही तेच म्हणतात.

नानांकडे गेले. शेरा खोडू का, विचारलं. "ठरावाची वही हाय ती, पंकजा. त्यात खोडाखोड करत न्हाईत." खरं सांगायचं तर मीही आग्रह धरला नाही. तारखा एकच होत्या ना? मी खोटं काय लिहिलं?

२३ मे

गेले. सकाळच्या एसटीने. चाकणला कुणी ओळखीचं आहे म्हणे. आई स्टँडवर गेली होती. मी गेले नाही.

रेजाउल आईला म्हणाला, "मावशी, मोरीजवळची फरशी हलली तर फोन करा. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका."

२९ मे

आज विशेष काही नाही. मोरीजवळची फरशी पक्की आहे.

१ जून

चौकात फ्लेक्स लागलाय. रामहरीनाना, गहिनीनाथ, शाळेचे मुख्याध्यापक, सोसायटीचे चेअरमन — चौदा जणांना वाढदिवसाच्या शुभेच्छा! दरवर्षी लागतो. अण्णांचाही वाढदिवस आजच. सकाळी त्यांच्या पाया पडले आणि खरी तारीख विचारली. "कुनाला ठावं? शाळा जूनमधी सुरू व्हायची. गुर्जींनी समद्यांनाच एक जून लिवलं." आणि हसले. अगदी शेफालीसारखे.

पंचायतीत जाऊन वही उघडली. माझ्या शेऱ्याखाली जागा मोकळी होती. लाल पेनाने पहिलं नाव लिहिलं — बन्सी गोविंद शिरसाट, १ जून. दुसरं नानांचं.

पान पुरणार नाही.