दोघांनाही दिलेलं घर

मी, वैजयंती मुरलीधर टिपणीस, वय ७६, राहणार केंब्रिज, हे मृत्युपत्र स्वहस्ते, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि भरपूर रागात लिहीत आहे. रागाने माझी बुद्धी गेलेली नाही. डॉक्टरांचं तसं पत्र सोबत जोडलं आहे. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते माझ्या पतींनी तयार करून आणलं होतं आणि मी न वाचता सही केली होती.

१. माझ्या टिपणांची अकरा खोकी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला द्यावीत. नको म्हणाले तर रद्दीच्या निळ्या बिनमध्ये टाकावीत. तीस वर्षं मी तेराव्या शतकातल्या गो-सागा या जपानी सम्राटाच्या घराण्याचा अभ्यास केला, तोच शिकवला. गो-सागाने थोरल्या मुलाला चौथ्या वर्षी गादीवर बसवलं, सतराव्या वर्षी उतरवलं आणि लाडक्या धाकट्याला बसवलं. पुढे गादी कोणाच्या वंशात राहणार, हे मात्र मरेपर्यंत स्पष्ट केलं नाही. दोन्ही शाखा पिढ्यान्‌पिढ्या भांडल्या. शेवटी दोन दरबार झाले आणि युद्ध पेटलं. हा माणूस भित्रा होता, असं मी दरवर्षी वर्गात सांगायचे. घरी तसाच एक बसला आहे, हे मला दिसलं नाही.

२. माझे पती कै. मुरलीधर यांची आरामखुर्ची चॅरिटी शॉपला द्यावी. जमल्यास त्याच आठवड्यात. यांच्या तेराव्याला जेवणं झाल्यावर माझा मुलगा देव याने खिशातून एक पत्र काढलं. "आई, हा घर बाबांनी मला दिला आहे. इन रायटिंग." त्याची थोरली बहीण मालविका हिने पर्स उघडली. त्यातून तिचं पत्र काढलं. तेच अक्षर, सहा वर्षांपूर्वीची तीच तारीख, तेच वाक्य: घर तुझंच आहे, आईला सांगू नकोस.

दोघांनीही सहा वर्षं सांगितलं नाही. या घरावर माझंही नाव होतं. सहा वर्षं मी यांच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळल्या, दोघं सुट्टीला आली की आवडीचं करून घातलं, आणि टेबलाशी बसलेल्या तिघांनाही ठाऊक होतं. माझ्याच माणसांनी मला फसवलं.

३. यांच्या पश्चात हे घर कायद्याने माझं एकटीचं आहे आणि ती दोन्ही पत्रं रद्दी आहेत. घर मी मालविकाला देते. कारणही लिहिते. देव अकरा वर्षांचा असताना, त्याच्या शाळेच्या स्कॉलरशिपच्या परीक्षेसाठी, मी तिची मोठी खोली त्याला दिली आणि तिला बॉक्सरूममध्ये हलवलं. तिथे पलंग टाकला की दार पूर्ण उघडत नसे. तिला सतरावं चालू होतं. "तू समजूतदार आहेस," एवढंच मी तिला म्हटलं. त्या वर्षी मी गो-सागाच्या थोरल्या मुलावर लिहीत होते, आणि लिहिताना मला रडू आवरत नसे.

४. देव, तू मला मालविकापेक्षा जास्त लाडका आहेस. या घरात आजवर कोणी हे बोललं नाही, म्हणून इथे लिहिते. घर तिला, हे तुला.

५. पुन्हा पत्रं निघू नयेत म्हणून गेल्या रविवारी दोघांना समोर बसवून मी हे वाचून दाखवलं. देव तडक गाडी काढून मिल्टन कीन्सला गेला. मालविकाने एडिनबराची परतीची ट्रेन जाऊ दिली. सगळे कप धुतले, पुसले, जागेवर लावले.

"आई, घर देवला दे. फक्त ते फोर नंबरचं काढ."

मी म्हटलं, "अगं, पण ते खरं आहे."

"आय नो. लहानपणापासून माहितीये मला. पण तू कधी बोलली नव्हतीस."

घर मालविकालाच राहील. चौथं कलम मी रेघ मारून खोडलं आहे. तिथे माझी व साक्षीदारांची आद्याक्षरं आहेत. रेघेखालचं सगळं वाचता येतं.

सही: वैजयंती मुरलीधर टिपणीस

आम्हा दोघांसमोर सही केली. आम्हाला यातलं काहीही मिळणार नाही:
आसावरी गुप्ते, शेजारी
यतीन राजाध्यक्ष, शेजारी

केंब्रिज, १६ नोव्हेंबर २०२४